मुखरू म्हणते

माझ्या सासूला, ठमाबाईला, दिसेनासं होत गेलं तसतसा तिला मुखरू दिसू लागला. मुखरू म्हणजे तिचा एकुलता एक मुलगा आणि माझा नवरा. चार वर्षांमागं तो बांबू तोडायला सिरोंच्याकडे गेला, तो परत आलाच नाही. कोणी म्हणे गोदावरीत डोंगा उलटला, कोणी म्हणे नदीपलीकडच्या बाजारात त्याला पाहिला. प्रेत मिळालं नाही म्हणून दिवस घातले नाहीत, आणि माणूस मिळाला नाही म्हणून माझं काही ठरेना. कुंकू लावताना रोज हात अडखळायचा, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

माय, म्हणजे सासूच, दिवस कलला की घरामागच्या सांदवाडीत भाजीच्या वाफ्यांशी जाऊन बसायची. थोड्या वेळानं म्हणायची, "आला." मग मी लोटाभर पाणी नेऊन वाफ्याच्या कडेला ठेवायची. उन्हातून आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, एवढंच. मला तिथं वांग्याची झाडं दिसायची. जरा वेळानं माय त्याचा निरोप सांगायची. "मुखरू म्हणते, गाय विकू नोको." "मुखरू म्हणते, कौलं फेरून घ्या." मग एकदा माझा भाऊ मूल गावाहून आला. माझा पाट लावून द्यायचा म्हणून त्यानं माणूस पाहून ठेवला होता. बायको वारलेला, पोस्टात शिपाई, बोलायला मऊ. मला तो आवडला होता, आता सांगायला लाज कशाची. त्या दिवसापासून मायचा निरोप एकच झाला. "मुखरू म्हणते, थांब."

मी थांबले. चिडले, भांडी आपटली, पण थांबले. तो मेल्याचं नक्की कळलं असतं तर ऐकलं नसतं त्याचं.

त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात एका सकाळी माय विहिरीच्या काठावर दिसली. एक पाय आत, पाण्यावर. मी मागून कवळा घालून तिला ओढली. ती शांतपणे म्हणाली, "तो पुढं गेला, म्हून मी बी गेली." गाव म्हणालं, बाहेरचं आहे, पुजाऱ्याला दाखवा. आमच्याकडे भूत लागलं की बाहेरचं म्हणतात. मी म्हटलं, आधी डोळे दाखवते, मग बाकीच्यांना बघू.

पोंभुर्ण्याहून बस धरून आम्ही चांद्याला उतरलो. चंद्रपूर फक्त बसच्या पाटीवर, आमच्या तोंडात चांदाच. डोळ्यांचा डॉक्टर जटपुरा गेटाजवळ बसतो एवढंच ठाऊक होतं. चष्म्याच्या दुकानदारानं आधी चष्मे काढून दाखवले आणि डॉक्टर कुठे ते सांगायला तयार होईना. पानठेलेवाल्यानं विचारलं, "काय होते बुढीले?" मी काही बोलायच्या आत माय म्हणाली, "माह्या पोरगा दिसते." त्यानं चुना लावता लावता परकोटाच्या भिंतीशी बसणाऱ्या ताईतवाल्याकडे बोट केलं. मला असा संताप आला की मी मायचा हात धरून उलट्या दिशेला चालू लागले, आणि तिथंच डॉक्टरची पाटी सापडली.

दारात कंपाउंडर बसला होता. मायकडे बघून त्यानं विचारलं, "बाहेरचं हाय का इथलं?"

मायनं मान ताठ केली. "बाहेरचं नाई, बाबू. घरचंच हाय. माह्या पोटचं."

तो बरं म्हणाला आणि आम्हाला भिंतीकडच्या बाकावर बसवलं. माझ्या फार उशिरा ध्यानात आलं की तो गावाचं विचारत होता. बाहेरगावच्यांना बसा असतात म्हणून त्यांना आधी आत सोडत होता, आणि आम्ही चांद्याच्याच ठरलो होतो. एकेक जण पुढे गेला. बाक रिकामे झाले. आमची बसही गेली. माय मात्र रिकाम्या बाकाच्या टोकाकडे बघत गालात हसत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

आमच्यामागं कोणी उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टर निवांत होता. बॅटरीचा उजेड पाडून त्यानं मायचे डोळे पाहिले. दोन्हीत मोतीबिंदू, पिकलेले. मग सहज विचारलं, "आजी, नसलेलं काही दिसते काय?"

 मीच सगळं सांगितलं, विहिरीपर्यंत. तो हसला नाही, हे त्याचं बरं वाटलं.

"हे बाहेरचं नाही," तो म्हणाला. "नजर गेली की डोकं आपलं आपण माणसं उभी करते. वेड लागलं असंही नाही. कोणाला बाया दिसतात, कोणाला लेकरं. येतात, उभी राहतात, जातात. ती बोलत नाहीत. तुमचा बोलते काय, आजी?"

 मायनं पदर तोंडाला लावला.

"माय," मी म्हटलं, "त्यायनं काय विचारलं?"

"नाई बोलत," माय म्हणाली. "कधीच नाई बोलला. तोंड बी नाई दिसत त्याचं. नुसता उभा राह्यते."

 मला राग आला. इतका की तिला तिथंच टाकून जावं असं वाटलं. एका शब्दावर तिनं मला दाव्याला बांधून ठेवलं होतं. डॉक्टरनं विचारलं, ऑपरेशन करायचं काय. मायनं माझा हात घट्ट धरला. तो जाईल, आणि मग मीही जाईन, हे तिला कळत होतं. मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "करा."

पट्टी सुटली, महिन्यानं जाड भिंगांचा चष्मा आला. त्यातून मायचे डोळे वाटीएवढे दिसायचे. घरी येताच ती सांदवाडीत गेली. वांगी बघितली, कुंपण बघितलं, विहीर बघितली. बराच वेळ उभी राहिली.

"कोणीच नाई," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू गेली असती त मी एकटी काय केलं असतं, गुणे? म्हून बोलली मी. आता जाय. भावाले निरोप धाड."

मी निरोप धाडला. भाऊ दुसऱ्या दिवशी न्यायला येणार होता. पेटी भरली, कपाळ धुतलं, कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. दिवस कलला तशी मी विहिरीवरून पाणी आणलं, घरात ठेवलं, आणि सांदवाडीत वाकले तेव्हा माझ्या हातात लोटा होता. वाफ्याच्या कडेला नेहमीच्या जागी तो टेकला.

माय दारात उभी होती. "कोणासाठी वं?"

सवयीनं ठेवला, असं सांगायचं होतं मला. समोर वांग्याची झाडं होती. माझ्या डोळ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

"मुखरू म्हणते," माझ्या तोंडून निघालं, "थांब."

मायनं चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. वांग्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात धरून मला घरात नेऊ लागली. मी जागची हलले नाही.