सगळ्यांचं उत्तर दहा

गुणांचं पाकीट साडेपाचला सील व्हायचं होतं आणि पावणेपाचला घुमी प्रयोगशाळेच्या दारात येऊन उभी राहिली. घुमी म्हणजे शेवटच्या बाकावरची मुलगी. वर्षभरात तिचा आवाज कुणी ऐकला असेल तर शपथ!

“बाई, माझ्या कागदावर फुली मारलीत ना?”

“मग काय करू? दहाच्या जागी साडेतेराच्या आसपास लिहितं का गं कुणी?”

“तेवढंच आलं, बाई. तीनदा केलं.”

एवढं बोलून ती गेली. रडली असती तर बरं झालं असतं, दोन शब्द समजुतीचे सांगून बाई मोकळ्या झाल्या असत्या. प्रात्यक्षिकात नापास म्हणजे वर्ष वाया, आणि पोरीला नर्सिंगला जायचं होतं.

प्रयोग तसा घासून गुळगुळीत झालेला. चंबूत आम्ल आणि रंग दाखवणाऱ्या दर्शकाचे दोन थेंब घ्यायचे, वर खुणांच्या काचनळीतून अल्क थेंबथेंब सोडायचं, गुलाबी रंग टिकला की नळीवरचा आकडा लिहायचा. उत्तर दहा. जितकं दहाच्या जवळ, तितके गुण जास्त. आज चौतीसपैकी तेहतीस मुलांना दहा, नऊ पूर्णांक नऊ, नाहीतर दहा पूर्णांक एक आलं होतं, आणि दुपारी बाईंची छाती अभिमानाने फुगली होती.

त्यांनी सकाळचीच अल्काची बाटली काढली, नळी भरली, आम्लाचा चंबू खाली धरला. ‘दहाला येऊ दे बाबा,’ त्या मनातल्या मनात म्हणत होत्या. पोरगी चुकलेली असावी म्हणून शिक्षिकेने धावा करावा, म्हणजे कमालच! पण तेव्हा त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

दहा झाले. चंबू पाण्यासारखा स्वच्छ. अकरा झाले, बारा झाले. तेरा पूर्णांक चारला रंग आला आणि जाईना. दुसऱ्यांदा केलं, पुन्हा तेच.

बाई स्टुलावर बसल्या. सकाळी अल्कात पाणी घालताना हेडसरांनी बोलावलं होतं. परत आल्यावर पाणी पुरतं घातलं होतं की नाही ते आठवेना, म्हणून त्यांनी आणखी घातलं होतं. अल्क पातळ झालं, मग ते जास्त लागणारच. म्हणजे आज दहा हे उत्तर कुणालाच येणं शक्य नव्हतं. आणि दर शुक्रवारी मूल्यशिक्षणाच्या तासाला ‘कुणी बघत नसलं तरी खरं वागा’ हे वाक्य फळ्यावर लिहिणाऱ्या बाई याच. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

वाट एक होती. घुमीचे आकडे दुरुस्त करायचे, बाजूला सही ठोकायची. पोरगी पास, शाळा गप्प. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. बाईंनी पेन उघडलं, कागद पुढे ओढला. तेरा पूर्णांक चार, तेरा पूर्णांक पाच, तेरा पूर्णांक चार. तीनही ठिकाणी खोटं लिहावं लागणार होतं, आणि तेही वर्गातल्या एकमेव खऱ्या कागदावर. त्यांना स्वतःची शिसारी आली.

“आटपा बाई, शिपाई खोळंबलाय.” हेडसर लाखेची कांडी आणि मेणबत्ती घेऊनच आत आले.

“सर, आजचं द्रावण चुकलं. माझ्याच हातून.”

“कुणाचं अडलंय त्याने?”

बाईंनी घुमीचा कागद दाखवला.

“मग करा हिला पास आणि मिटवा. उगाच बभ्रा कशाला?”

“हिचंच बरोबर आहे, सर. बाकीच्यांची परीक्षा पुन्हा घ्यावी लागेल.”

“डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? उद्या पालक दारात उभे राहतील! चौकशी लागेल. नोकरी जाईल हो तुमची!” हेडसरांनी गठ्ठा उचलला, चारपाच कागद उलटले आणि ते थबकले. “एक मिनिट. द्रावण चुकलं होतं, तर तेहतीस पोरांना दहा आलं कसं?”

 बाईंनी ‘आकडे ढापले असतील’ म्हटलं की झालं, तेहतीस कोवळ्या डोक्यांवर खापर फुटलं असतं आणि त्या नामानिराळ्या राहिल्या असत्या.

“मी शिकवलं त्यांना,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं दहाच्या जवळ जाईल त्याला जास्त मार्क देतेय. मग नळीकडे बघणार कोण?”

हेडसरांनी गठ्ठा टेबलावर ठेवला. शिपायाने बाहेरून हाक मारली, तेव्हा त्यांनी त्याला थांबायला सांगितलं.

“हे असंच लेखी द्याल?”

“देते.”

 बाईंनी आधी घुमीचा कागद घेतला, फुली खोडली आणि पूर्ण गुण लिहिले. मग त्यांनी कोरा कागद ओढला आणि वर स्वतःचं नाव घातलं.