कॅलेंडरामागची भिंत

"फोनवरच्या पाहुण्यांसाठी भिंत काहून पुसून राहिली? ते काय हात लावून पाहणार हायेत?" टिकाराम बायकोकडं वर बघत कुरकुरले.

मालनबाई ऐकू न आल्यासारखं करून स्टुलावरून उतरल्या. बाबासाहेबांचा फोटो त्यांनी आधीच कपाटात, लग्नातल्या पांढऱ्या साडीखाली ठेवला होता. खमरियाच्या कारखान्याच्या क्वार्टरपासून कांचघर मोहल्ल्यातल्या या घरापर्यंत, कुठंही गेले तरी पहिला खिळा याच फोटोसाठी ठोकला जाई. आज त्या खिळ्यावर किराणा दुकानाचं कॅलेंडर. तेही लहान. फोटोच्या मापाची कोरी पट्टी चारी बाजूंनी उघडी पडली होती आणि पुसावं तशी जास्तच उजळत होती.

अश्वजीत कॅनडाहून म्हणाला होता, "आई, फक्त आजच्या दिवस. अमिताच्या घरचे जुन्या वळणाचे आहेत. होकार आला की मीच सांगतो सगळं." मग जरा थांबून, "अन् फोनवर जय भीम नको म्हणू."

एकुलत्या लेकाचं लग्न मोडू नये म्हणून मालनबाईंनी ऐकलं. सकाळी मेणबत्ती मात्र सवयीनं पेटवली गेली. ती हातात धरून त्या कॅलेंडरावरच्या बिस्किटांच्या जाहिरातीपुढं उभ्या राहिल्या. लेक राखीनं पाहिलं आणि लगबगीनं स्वयंपाकघरात गेली.

व्हिडिओ कॉल लागला. अमिताची आई हेमलता मोठ्या मायेनं बोलत होत्या. माहेर याच शहरातल्या सदर भागातलं, त्यामुळं तिथल्या चाटची आठवण काढून झाली. कोपऱ्यातल्या चौकोनात अश्वजीत नको तितका हसत होता.

"अच्छा, और आप लोगों का समाज कौन सा?"

टिकाराम खोकले. "आंटी, आवाज़ कट रही है," राखी म्हणाली.

"महाराष्ट्रियन हैं, आंटी, बताया तो था," अश्वजीत घाईनं बोलला.

"हाँ, हाँ. और पीछे दीवार पे कुछ टँगा था क्या? निशान दिख रहा है."

"घड़ी थी. खराब हो गई," टिकाराम पुटपुटले.

मालनबाईंची कानशिलं तापली. टिकाराम मान खाली घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत होते. कारखान्यात कोणाहीपुढं न वाकलेला हा माणूस आपण स्वतःच्या घरात वाकवला, हे त्यांना पाहवेना. त्या उठल्या, कपाट उघडलं, फोटो आणून मांडीवर घेतला. पदरानं काच पुसली. पडद्यावरचा लेक "आई, आई" करत होता.

"घड़ी नहीं थी, बहनजी. बाबासाहेब थे. हम बौद्ध हैं. लड़के को शरम आई, तो मैंने अपने हाथ से उतार दिए."