लिंबाजीचा बंब

शांताक्कांनी फुटलेली नळी उचलून थेट नाकाशी धरली. जणू लबाडीला वास येतो.

"अक्का, लोखंड हाय ते. हुंगून काय कळणार?" बॉयलर सांभाळणारा लिंबाजी म्हणाला.

"माणूस कळतो," अक्का म्हणाल्या. नळीवर चिकटलेली राखेची कडक खापरी त्यांच्या बोटांना टोचली.

ईट गावातल्या त्यांच्या कारखान्यात वाफेवर खवा आटायचा. बाभळीचं लाकूड खाऊन तो बॉयलर वर्षानुवर्षं रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा निवांत होता. दिवाळीला जावई महारुद्र यांनी तामलवाडीला सोयाबीनचं भुसकट दाबून जळणाच्या कांड्या करायचा धंदा काढला. जळण लाकडाहून स्वस्त, वर घरचंच. अक्कांनी लाकूड बंद केलं. त्यानंतर नळ्या फुटायला लागल्या. स्वस्ताईत वाचलेलं सगळं नव्या नळ्यांत जाऊ लागलं. दर वेळी बार्शीचा वैजनाथ वेल्डर यायचा, नळ्या बदलायचा आणि जाताना लिंबाजीच्या पाठीवर थाप मारायचा. ती थाप अक्कांना झोपेतही ऐकू यायची. शेजाऱ्यांनाही यायची, असं ईटमध्ये शपथेवर सांगतात.

एक फोडतो, दुसरा जोडतो. अक्कांच्या मनात हे पक्कं बसलं होतं. पुरावा हाती आला की लिंबाजीला घरी बसवायचा.

त्या दुपारी लिंबाजीच्या सायकलीला फुगलेलं पोतं दिसलं. अक्कांनी त्याला जाऊ दिलं आणि दुधाच्या टेंपोत बसून मागोमाग त्याचं अंगण गाठलं. पोत्याचं तोंड स्वतःच सोडलं. आत कांड्या.

"सापडलास!"

लिंबाजीनं टोपी काढली. "आंघोळीच्या पाण्यापुरत्या नेतो, अक्का. चुकलं."

"आन् नळ्या? त्या कुणी फोडल्या?"

तो तोंड उघडायच्या आत त्याची बायको हरणाबाई तांब्याचा बंब घेऊन बाहेर आली. तिनं तो अक्कांच्या पायांशी दाणकन आदळला.

"ते ऱ्हाऊ द्या. आधी माझ्या बंबाची भरपाई द्या!"

"मी?"

"मग कोण? माझ्या आईनं जलमभर लाकडावर तापवला, टवका उडाला न्हाय. ह्यांनी तुमच्या कांड्या आणल्या, आन् नळीत काचंसारखी खापरी धरायली. सळईनं खरवडली, तर खापरीसंगं तांबंच निघालं."

"गप की गं," लिंबाजी कुजबुजला. "चोरीच्या हायेत त्या."

"चोरीच्या असल्या म्हून काय बंब फुटावा?"

अक्कांनी वाकून बंबाच्या नळीत हात घातला. कडक, चकाकणारा तुकडा हाती आला. सकाळी बोटांना टोचला होता, तसाच. या बंबाला वैजनाथानं कधी हात लावला नव्हता. त्यांनी बोटं पदराला सावकाश पुसली. मग परत पुसली.

"कामावरून काढताव काय, अक्का?" लिंबाजीनं विचारलं.

अक्कांनी बंब कलता करून तळ बघितला.

"पाणी ठरतं का यात?"

"कुठलं! समदं विस्तवावर गळतंय," हरणाबाई म्हणाली.

"टेंपोत ठेव रे, लिंबाजी."

"दुरुस्तीला?"

"न्हाय. उद्या लेक शिवलीला आन् जावईबापू मुक्कामाला यायलेत. त्यांचं आंघोळीचं पाणी यातच तापवायचंय."

लिंबाजी बंब उचलून निघाला. टेंपोत चढता चढता अक्का थबकल्या.

"आन् ते पोतं बी घे. जळण त्यांच्याच घरचं पायजे."