गोळीचा उखाणा

डॉक्टरांनी भय्यासाहेबांना काहीही विचारलं, की उत्तर विनताबाई द्यायच्या. खोकला कधीपासून, पोट साफ होतं का, सगळं त्याच सांगायच्या. भय्यासाहेबांकडे एकच काम असायचं, जीभ बाहेर काढायचं.

विनताबाई गेल्या त्याला वर्ष होत आलं. एकदा भय्यासाहेबांनी पनागरचा मटार स्वतःच शिजवला, अर्धाकच्चा खाल्ला आणि पोट बिघडवून घेतलं. बाईंच्या आजारपणातल्या सुट्या गोळ्या डब्यात उरल्या होत्या, तीन रंगांच्या तीन. त्यांनी तिन्ही घेतल्या. एखादी तरी लागू पडेलच. संध्याकाळी खालचा ओठ काळाजांभळा झाला, आणि तसाच गोल डाग बसायच्या जागीही आला.

ओमती भागातल्या दवाखान्यात नवीन डॉक्टर होती, दीप्ती.

"अंकल, ये दवा का रिएक्शन है. पहले भी इसी जगह हुआ था?"

भय्यासाहेबांनी सवयीनं शेजारच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथे डॉक्टरीणबाईंचं हेल्मेट ठेवलं होतं. हेल्मेट काही बोललं नाही.

"हुआ था. कौन सी गोली से, वो मिसेज को मालूम था."

"तो उनसे पूछिए ना."

"पूछता," भय्यासाहेब म्हणाले, "वो होती तो."

डॉक्टरीणबाई समजल्या. त्यांनी हळू आवाजात समजावलं. एखाद्या माणसाच्या शरीराला एखादं औषध सोसत नाही. तेच पुन्हा घेतलं की डाग त्याच जागी परत येतो, दर वेळी मोठा होतो. काहींना तर अंगभर फोड येऊन कातडी सुटते. गोळीचं नाव कळेपर्यंत पोटाला फक्त मीठ-साखरेचं पाणी.

भय्यासाहेब दीक्षितपुऱ्यात परतले ते थेट शेजारी, शरयूवहिनींकडे. वहिनी म्हणजे विनताबाईंची जिवाची मैत्रीण. ओसरीवर भजनी मंडळ बसलं होतं.

"वहिनी, जरा इकडे येता का? खासगी आहे."

वहिनींनी त्यांच्या ओठाकडे पाहिलं. "अरे देवा! भावजी, बसायच्या जागी पण आला का?"

टाळ थांबले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मलाच काहून, सगळ्यांना माहीत आहे!"

मागून मंडळातली प्रणोती म्हणाली, "आमच्या अमेयच्या लग्नात काका सगळ्या पंगती उभ्यानं वाढत होते ना, तेव्हाच काकूंनी सांगितलं."

त्या लग्नात भय्यासाहेबांनी कंबर धरल्याचं सांगितलं होतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, लोकांना ते पटलं. बायको गेल्यापासून आज पहिल्यांदा त्यांना तिचा राग आला, चांगला सणसणीत. घरी जाऊन जाब विचारतो, असं मनात आलं, आणि मग आठवलं.

"बरं, पण गोळी कोणती?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ती तर पाठ आहे आम्हाला. शेवटच्या संक्रांतीला विनता वाणच देईना. म्हणे, नवऱ्याचं नाव नंतर घ्या, आधी माझ्या नवऱ्याच्या गोळीचं नाव घ्या. चुकलं की पुन्हा! चलो, म्हणा गं."

आणि सगळ्या एका सुरात म्हणाल्या:

"ग्वारीघाटावर दिवे लावले ओळीनं,
भय्यासाहेबांचा ओठ काळा मेट्रोनिडाझोलच्या गोळीनं!"

कोणीतरी टाळही वाजवला.

हसणं ओसरल्यावर शरयूवहिनी म्हणाल्या, "मी विचारलं होतं तिला, काहून असं करून राहिली? म्हणाली, मी नसली आणि डॉक्टरनं काही विचारलं, तर हे शेजारच्या खुर्चीकडे पाहतील."



"पाहिलं," भय्यासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दवाखान्यात गेले.

"नाम मिला, अंकल?"

नुसतं नाव काही केल्या जिभेवर येईना. शेवटी भय्यासाहेबांनी डोळे मिटले आणि ग्वारीघाटापासून सुरुवात केली.

"घाट पर क्या हुआ?" डॉक्टरीणबाई गोंधळल्या.

"रुकिए, आगे है." त्यांनी उखाणा शेवटापर्यंत नेला.

डॉक्टरीणबाईंनी नाव लिहून घेतलं, हसू दाबत दुसरं औषध दिलं आणि बजावलं, "ये नाम लिखकर हमेशा जेब में रखिए. कभी बेहोश हो गए, तो कौन बताएगा?"

"पूरा मोहल्ला बताएगा," भय्यासाहेब म्हणाले. "गाकर."