पुलावरची पितळी पट्टी

खामगावात एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन मॉल, आणि त्यांचे मालक एकमेकांचे व्याही. इकडचे उत्तमराव म्हणजे पूनमचे वडील, तिकडचे माणिकराव तिचे सासरे. लग्नाच्या वर्षी दोघांनी मिळून पहिल्या मजल्यावरून लोखंडी पूल टाकला होता. तो इतका अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने माघार घ्यायची, आणि उत्तमराव तर एकटेच दोघांच्या मापाचे. यंदा तो रुंद करून, काचा लावून नवा करायचं ठरलं.

पूनमचं कचोरीचं दुकान सासऱ्यांच्या मॉलमध्ये, अगदी पुलाच्या तोंडाशी. अख्खं गाव तिची कचोरी खायचं, बाप तेवढा खायचा नाही. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या सासरी पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा उत्तमरावांचा बाणा. व्याह्यांकडे बैठकीला आले आणि कचोरीचा वास सुटला, की हा गडी खिडकीबाहेर बघत बसायचा. अशी तीन वर्षं गेली. पूनमला आधी हसू यायचं, मग राग येऊ लागला. आपल्याला पोर नाही म्हणून बाप उपाशी, हे तिला लागायचं, फार लागायचं.

तिने पुलाच्या इंजिनियरला, धम्मरत्नला गाठलं.

"दादा, पूल कुठपर्यंत कोनाचा?"

"मधात पितळी पट्टी बसवतो, ताई. तिकडचा तुमच्या बाबांचा, इकडचा माणिकरावांचा. ज्याचा त्यानं सांभाळायचा."

"अन् पट्टी इथं सरकवली तं?" पूनमने नकाशावर आपल्या काउंटरच्या पायाशी बोट टेकवलं.

धम्मरत्नने नकाशा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "मंग सारा पूल बाबांच्या गळ्यात पडते," तो म्हणाला. का, ते त्याने विचारलं नाही.

पूनम सासऱ्यांना म्हणाली, "मामाजी, झाडू, लाइट, सारं बाबाच पाहतो म्हनतात." माणिकरावांनी चष्मा न लावताच सही ठोकली. बापाला म्हणाली, "मामाजी म्हनतात, तुमच्यानं पूल सांभाळनं होनार नाही." उत्तमरावांनी तिथल्या तिथे कागद मागवला आणि काउंटरपर्यंतचा पूल आपल्या नावावर करून घेतला.

उद्घाटनाच्या दिवशी फीत कापून उत्तमराव थेट चालत आले आणि काउंटरपाशी थबकले. पूनमने गरम कचोरी पुढे केली.

"मी तुह्या घरचं खात नसतो, तुले मालूम हाय."

"पायाखाली पाहा, बाबा. पट्टी अजून वलांडली नाही तुम्ही. जागा तुमची, सही तुमची. सासर पट्टीच्या इकडं."

उत्तमरावांनी खाली पाहिलं. धम्मरत्नकडे पाहिलं, तर तो छताचे दिवे मोजण्यात गर्क. व्याह्यांना आता कुठे उलगडा होत होता, ते गालातल्या गालात हसत होते. उत्तमरावांनी दोन्ही पाय नीट मागे घेतले, चवडा पट्टीला लागत नाही ना ते तपासलं आणि कचोरी उचलली.

पहिली उभ्यानेच संपली. दुसरी खाताना डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी मिरचीवर ढकललं. तिसरी हातात घेऊन ते काउंटरला वळसा घालून आत आले आणि पूनमच्या स्टुलावर बसले.

"बाबा, पट्टी मांगं राह्यली," ती हळूच म्हणाली.

"दिसते मले," उत्तमराव म्हणाले. "तीन वर्सं माह्याच हातानं वाया घातली, पोरी. चटनी वाढ."