नादकाटा आणि शंभर बिल्ले

सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी डोळ्यांच्या इस्पितळातली निम्मी माणसं सर्व्हरच्या खोलीबाहेर टाचा उंचावून उभी होती. आत कपाटाएवढं यंत्र घूंऽऽ करत होतं आणि त्यासमोर सर्व्हरबाबा डोळे मिटून उभे होते. हातात पांढरे हातमोजे, पायांत पांढरे मोजे, बूट दाराबाहेर. त्यांनी खिशातून नादकाटा, म्हणजे आपटला की घुमणारा दोन दातांचा पोलादी काटा, काढला, स्वतःच्या गुडघ्यावर आपटला आणि यंत्राच्या पाठीला लावला.

"श्श! ऐकतायत," नोंदणीच्या खिडकीवरची बाई कुजबुजली.

"काय ऐकतायत?"

"ते आपल्याला कळलं असतं तर आपण खिडकीवर बसलो असतो का?"

बाबांनी डोळे उघडले. "जड झालंय. लोकांची घाई आत साचलीय. जो तो पासवर्डाबरोबर आपली चिंता आत सोडतो, आणि ही ऊर्जा क्वांटमच्या पातळीवर गोठते. यंत्राला एकांत हवा. बाहेरची वायर काढा. दहा मिनिटं कळफलकाला कोणी हात लावायचा नाही. मनातल्या मनातसुद्धा टाइप करायचं नाही."

वायर निघाली. दहा मिनिटं इस्पितळ असं चिडीचूप झालं की एका वॉर्डबॉयनं आलेली शिंक गिळली आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले. लोकांना वाटलं, भक्तीनं भरले. मग वायर पुन्हा लागली, वेबसाइट उघडली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या न वाजवणारी एकच बाई होती. ती घड्याळ बघत होती. दुसऱ्यानं केलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, ही तिची नोकरी. हुद्दा टेस्टर, पण सगळे तिला खुसपटबाई म्हणत. तिनंही ते नाव पदवीसारखं मिरवायला घेतलं होतं.

तीन आठवडे हाच खेळ चालला होता. दहाला दुसऱ्या दिवशीचे नंबर खुले व्हायचे. दहा वाजून बारा मिनिटांनी पडद्यावर 'डेटाबेसशी संपर्क होत नाही' असं झळकायचं आणि कोणालाच लॉगिन करता यायचं नाही. मग एका डोळ्याला पट्टी बांधलेली माणसं दुसऱ्या डोळ्यानं रस्ता शोधत प्रत्यक्ष रांगेत येऊन उभी राहायची. शेवटी बाबांना आणायला गाडी जायची.

टाळ्या ओसरल्यावर अधीक्षक डॉक्टरांनी घसा साफ केला. "शुक्रवारी बाबांशी वर्षाचा करार करतोय. त्यांची एकच अट आहे. वर्षभर प्रोग्रामला कोणी हात लावायचा नाही."

"मग आम्ही काय करायचं, सर?" खुसपटबाईनं विचारलं.

"तोच प्रश्न मलाही पडलाय," डॉक्टर मृदू आवाजात म्हणाले. "हातच लावायचा नसेल, तर हात लावणारा कशाला आणि लावलेला हात तपासणारी कशाला?"

हात लावणारा तिच्या शेजारीच होता. तो प्रोग्रामर, त्याला सगळे पुटपुट्या म्हणत, कारण तो बोलायचा फक्त पडद्याशी. मागच्या आठवड्यात त्यानं एक दुरुस्ती केली होती. पाचशे वेळा लॉगिन करून बघितलं, यंत्रानं हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी दहा-बाराला सर्व्हर पुन्हा आडवा. तेव्हापासून कॅंटीनमध्ये त्याला कोणी साखरसुद्धा पुढे सरकवत नव्हतं.

त्या संध्याकाळी खुसपटबाई डाव हातात घेऊन आमटी ढवळत होती, पण डोक्यात शुक्रवार शिजत होता. सासूबाई खुर्चीत बसून इस्पितळाच्या वेबसाइटशी झुंजत होत्या. एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला होता, दुसरा रांगेत होता. फोन हातभर लांब धरून, मान तिरकी करून त्या एकेक अक्षर टिपत होत्या.

"अगं, हे पुन्हा चुकीचा पासवर्ड म्हणतंय. पाचव्यांदा."

"मग बरोबर घाला ना, आई."

"दिसला तर घालीन! दिसत असतं तर तुमच्या इस्पितळाच्या पायऱ्या कशाला चढले असते?"

डाव आमटीतच थांबला.

"काय झालं गं? करपेल ना."

"आई, तुम्ही सोन्यासारख्या आहात."

"ते मला माहीत आहे. आमटी बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पुटपुट्याला गाठलं. "पाचशे वेळा लॉगिन केलंस, तेव्हा पासवर्ड कुठला घातलास?"

"माझा."

"बरोबर?"

"मग काय मुद्दाम चुकीचा घालू?" ओळख झाल्यापासून तो प्रथमच अख्खं वाक्य बोलला होता. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

दोघं सरावाच्या सर्व्हरवर बसले. तो मोठ्या सर्व्हरचाच धाकटा जुळा. पेशंट सोडून सगळं तसंच. दोघांनी चुकीचे पासवर्ड मारायला सुरुवात केली. शंभर झाले. एकशे एकावा मारला आणि सर्व्हर आडवा. पुटपुट्यानं प्रोग्राम उघडला, खाली खाली गेला आणि त्यानं एका ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "मीच लिहिलीय."

"लिहिलीस ना? आता सुधार. आणि सुधारलीस की मला सांग, मी ती मोडायला येते."

शुक्रवार उजाडला. दहा-बाराला सर्व्हर शिरस्त्याप्रमाणे आडवा झाला. कराराचा कागद डॉक्टरांच्या टेबलावर होता आणि बाबा दारात बूट काढत होते.

"सर, सहीआधी मला तासभर द्या," खुसपटबाई म्हणाली. "बाबांनी तेवढं कॅंटीनमध्ये बसावं."

"मी नसताना काही होणार नाही," बाबा हसले.

"तेच बघायचंय."

बाबा चहाला गेले. वायर काढली. नादकाटा नाही, ऊर्जा नाही. दहा मिनिटं नोंदणीवाली बाई मोठमोठ्यानं फोनवर बहिणीशी भांडत होती. वायर लावली. वेबसाइट उघडली.

टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कोणाला सुचेना. बाबांना परत बोलावलं.

"माझी ऊर्जा भिंती ओलांडून येते," बाबा म्हणाले.

"किती लांबून येते?"

"अमर्याद अंतरावरून."

"मग रोज गाडी पाठवायला का लावता?"

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. शिंक गिळणारा वॉर्डबॉय असावा.

मग तिनं बाबांना सरावाच्या सर्व्हरपाशी उभं केलं. प्रोग्राम जुनाच. "लावा नादकाटा. काढू नका." खोलीतल्या सगळ्यांना सांगितलं, चुकीचे पासवर्ड घाला. नर्स, पहारेकरी, झाडूवाल्या मावशी, सगळे हौसेनं तुटून पडले. चुकायची अधिकृत परवानगी आयुष्यात कितीदा मिळते? नादकाटा पाठीला असतानाच एकशे एकाव्या चुकीला सर्व्हर पडला.

"जाणूनबुजून खोटं लिहिता! यंत्राचा अपमान आहे हा!"

"आमचे पेशंट नकळत लिहितात, बाबा. त्यांना दिसत नाही."

आता उरली दुरुस्ती. पुटपुट्यानं त्याच सरावाच्या सर्व्हरवर सुधारलेला प्रोग्राम चढवला आणि हात पाठीमागे बांधले. शंभर झाले. एकशे एक झाला. दोनशे. खुसपटबाई सगळ्यांत वेगानं टाइप करत होती. ज्यावर आपली नोकरी टांगली आहे ते जीव तोडून पाडायला निघालेली बाई डॉक्टरांनी पहिल्यांदाच पाहिली. तीनशे सत्ताविसाव्याला पडदा थबकला. बाबांच्या ओठांवर स्मित आलं. पुटपुट्यानं डोळे मिटले.

'पासवर्ड चुकीचा आहे,' पडदा म्हणाला.

इतकं गोड वाक्य तिनं उभ्या आयुष्यात वाचलं नव्हतं. पाचशेला मावशींची बोटं दुखायला लागली, तेव्हा सगळे थांबले.

"पण हे आहे तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, डेटाबेसच्या दारात शंभर बिल्ले आहेत असं समजा. आत जाणाऱ्यानं एक घ्यायचा, काम झालं की परत द्यायचा. बरोबर पासवर्डवाला देत होता. चुकीच्याला आपण 'चुकलं' म्हणून हाकलायचो, पण बिल्ला मागून घ्यायलाच विसरायचो. दहाला सगळे एकदम येतात, शंभर जण चुकतात आणि बिल्ले संपतात. मग बरोबर पासवर्डवालाही दाराशी ताटकळतो. आता चुकला तरी बिल्ला परत घेतो, एवढीच दुरुस्ती."

"आणि ती दहा मिनिटं?"

"दहा मिनिटं न वापरलेला बिल्ला डेटाबेस आपणहून रद्द करून नवा ठेवतो. वायर लागलेली असली की लोक तोही पळवतात. वायर काढली की शंभरच्या शंभर जमतात. तोवर निम्मे पेशंट कंटाळून इथल्या रांगेत आलेले असतात, म्हणून पुन्हा पडत नाही. यंत्राला एकांत खरंच हवा होता, सर. बाबा नको होते."

डॉक्टरांनी करार हातात घेतला. "मी तीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवरचा पडदा काढतोय," ते म्हणाले आणि कागदाच्या चार चिंध्या केल्या. वळून पाहिलं तर बाबा बूट घालून गेलेही होते. नादकाटा मात्र विसरले. तो आता खुसपटबाईच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला असतो. त्या कामाला तो उत्तम आहे.

सुधारलेला प्रोग्राम मोठ्या सर्व्हरवर चढला. सोमवारी दहा वाजून बारा मिनिटांनी सवयीनं सगळे सर्व्हरच्या खोलीबाहेर जमले. काहीच झालं नाही. पाच मिनिटांनी लोक जरा हिरमुसून कामाला लागले. पुटपुट्याच्या चहात कोणीतरी न विचारता साखर घातली. आणि घरून सासूबाईंचा फोन आला: सहा वेळा चुकले, सातव्यांदा नंबर लागला.

चमत्कार दिसला की आपले हात आपोआप जुळतात. जुळू द्यावेत, हातांना व्यायाम होतो. पण जुळवण्याआधी एवढं करावं: चमत्कार करणाऱ्याला चहाला पाठवावं आणि तो नसतानाही तसंच होतं का, ते बघावं. आणि जे आपल्याला खरं वाटतंय, ते मोडतं का, हे आधी आपणच बघावं. ज्याचं खरं असतं, त्याचं यात काही बिघडत नाही; उलट एक चहा मिळतो.