गोमुखीची वायर

त्या साली कापसाला भाव नव्हता, म्हणून बाभुळगावच्या रिकाम्या जिनिंग कारखान्यात संगणक महाराज उतरले होते. सोबत कॉम्प्युटर आणि इन्व्हर्टर, कारण लोडशेडिंगपुढे दैवी शक्तीचंही काही चालत नाही. पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांचा डावा हात अंगाऱ्यात, उजवा जपमाळेच्या गोमुखी पिशवीत, म्हणजे जप अखंड चालू.

शिष्याने समोर बसलेल्या, क्षयाने खंगलेल्या हंसाबाईचं नाव टाइप केलं आणि पडद्यावर लाल चौकट उगवली. आत खोकला, ताप, करणी, शनी, पितृदोष असे पाच खण, पाचही भरलेले. महाराजांनी फुंकर मारली. अख्खी चौकट गडप! जयजयकार झाला, दोन बायका तर रडल्याच.

"क्षय गेला, माई! आता त्या गोळ्या कशाला? टाक या ताटात."

हंसाबाईच्या क्षयाच्या औषधाचा तिसरा महिना चालू होता. तिने गोळ्यांचं पाकीट ताटात ठेवलं, तेव्हा मागे उभी असलेली गझाला पुढे सरकली. गझाला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. असल्या चौकटी तिची पोरं दुसऱ्याच आठवड्यात बनवत. पण फुंकरीच्या वेळी शिष्य तर हात जोडून होता; बटण दाबतंय कोण, एवढंच तिला कळत नव्हतं. मग गोमुखीतून निघून गादीखाली शिरलेली वायर तिला दिसली. विजेवर चालणारा जप ती पहिल्यांदाच पाहत होती.

"हंसामावशी, ते वायर ओढा बरं."

"हात लावू नका, कोप होईल!" महाराज ओरडले.

हंसाबाईने ओढली. गोमुखीतून माऊस बाहेर पडला.

गझालाने तो उचलला. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक खण होता. त्यात टिचकी मारली की अख्खी चौकट एकदम दिसेनाशी, पुन्हा मारली की हजर. तिने मारली आणि हंसाबाईचा आजार पाचही खणांसकट परतला.

"मंग मंघाशी कुठी गेलता?" हंसाबाईने विचारलं.

"कुठीच नाही, मावशी. पुसला नव्हता, झाकला होता." गझालाने आता खुद्द महाराजांचं नाव टाकलं. तेच पाच खण, तसेच भरलेले.

"महाराज, तुमाले बी करणी!" हंसाबाईचा नवरा खेमसिंग ओरडला. मघाशी सगळ्यात मोठा जयजयकार त्याचाच होता.

हंसाबाईने ताटातलं पाकीट उचललं आणि त्या दिवसाची गोळी महाराजांच्याच तीर्थासोबत गिळली. तीर्थ पहिल्यांदाच कुणाच्या कामी आलं.

बाबांनो, पडद्यावरून नाव गेलं म्हणून छातीतला रोग जात नाही. असा कुणी भेटला तर नमस्काराआधी त्याचे दोन्ही हात कुठे आहेत ते बघा. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका.